जॉब गार होऊ द्या

संपादकांचा फोन आला. "काका, यंदा आमच्या अंकात तुमच्या जॉबबद्दल लिहा ना."

"कोणत्या?" मी विचारलं.

"म्हणजे? किती जॉब केले तुम्ही?"

आता बोला! नोकऱ्या म्हणाल तर उभ्या जन्मात दोनच केल्या. जॉब मात्र इतके केले की एकाला एक लावून मांडले असते तर चिकलठाण्यापासून करमाडपर्यंत सहज पोचले असते. हे मी त्यांना समजावून सांगायला लागलो तर ते म्हणाले, "हेच लिहा." फसलो. म्हणून लिहितोय.

ज्यांचा लोखंडाशी संबंध दाराच्या कडीपुरताच येतो, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मी टर्नर. म्हणजे लेथ मशीनवर काम करणारा. भिंतीला भोक पाडायच्या मशीनमध्ये हत्यार फिरतं आणि भिंत गप उभी राहते. लेथवर उलटा कारभार. वस्तू गरगर फिरते, आणि हत्यार तिच्या अंगाला लागून हळूहळू तिचं साल काढतं, जसं आपण काकडीचं काढतो. ती जी फिरणारी वस्तू, तिला आम्ही म्हणतो जॉब. मोटारीचा शाफ्ट असो, पंपाचा बुश असो नाहीतर रसवंतीचा रूळ असो, एकदा मशीनच्या जबड्यात बांधला की त्याचं नाव, गाव, जात सगळं संपलं. तो फक्त जॉब. मला आमच्या धंद्यातली ही गोष्ट पहिल्यापासून फार आवडत आली आहे.

ह्या जॉबला आम्ही बांधतो, सोडतो, उलटा करतो, पालथा करतो. टूल, म्हणजे ते साल काढणारं हत्यार, जास्त घुसलं तर म्हणतो "टूलनं जॉब खाल्ला." माप बरोबर आलं तर "जॉब बसला." आणि कुणी "जॉब उडाला!" असं ओरडलं तर मागं वळून बघत बसायचं नाही, खाली वाकायचं. फिरता जॉब जबड्यातून सुटला की तो पत्र्याच्या शेडमधून कुठंही जातो, आणि तो माणसाची ओळख ठेवत नाही.

पाळी संपवून गेटाबाहेर आलं की हाच शब्द दुसऱ्या अर्थानं भेटायचा. सोयरिकीच्या बैठकीत पाहुणे विचारणार, "मुलगा जॉबला आहे ना?" झेरॉक्सच्या दुकानात पोरगं म्हणणार, "थांबा काका, मोठा जॉब चालू आहे." गॅरेजवाला गाडीआधी जॉब कार्ड मागणार. माझी सून एकदा जेवताना सहज म्हणाली, "बाबा, मी जॉब बदलते आहे," आणि माझ्या डोळ्यापुढं आला तो जबडा उघडून जुना उतरवायचा, नवा चढवायचा, परत सगळं सेटिंग. तिला म्हटलं, "बदल, पण नीट घट्ट बांध." ती अजून हसते. आमच्या शेडमध्ये तर अवघड माणसालाही जॉबच म्हणायचे. "हा जॉब कुठल्याच जबड्यात बसायचा नाही," असं आमचे मालक माझ्याबद्दल म्हणत, आणि आम्ही मालकांबद्दल.

मला घडवलं ते सलीम उस्तादांनी. उस्ताद जुन्या शहरातले, दाढी मेंदीनं लाल, आणि रागावले की दखनीत सुटायचे. तेव्हा कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन नव्हती, सगळं हाताच्या अंदाजानं. आमच्याकडं कंपन्यांचा माल यायचाच, पण अधूनमधून कुणीही काहीही घेऊन यायचं. एकदा लासूर स्टेशनचा एक बँडवाला आला. मोठा बाजा काखेत, तोंड रडवेलं. बाज्याच्या बटणाखालची पितळी दांडी वाकलेली, आणि दुसऱ्या दिवशी लग्नाची सुपारी. उस्तादांनी दुपारचं जेवण बाजूला सारलं आणि नवी दांडी करून दिली. तो म्हणाला वाजवून बघतो, आणि त्यानं शेडमध्येच वरातीचं गाणं धरलं. आजूबाजूच्या चार शेडमधली माणसं कामं सोडून धावत आली. एक जण तर नाचायलाच लागला. उस्ताद म्हणाले, "देखो मियाँ, अपना जॉब बोलने भी लगा!" बँडवाल्यानं त्यांचे पाय धरले. उस्तादांनी त्याला उठवलं आणि राहिलेली भाकरी अर्धी त्याला दिली.

ह्या उस्तादांचा एक नियम होता. मशीनवरून उतरलेला जॉब लगेच मापायचा नाही. कापताना लोखंड तापतं, आणि तापलं की फुगतं. डोळ्याला काही दिसत नाही, पण केसाच्या दहाव्या भागात काम करायचं तर तेवढं फुगणंही पुष्कळ झालं. गरम जॉब मापला तर तो जाड वाटतो. मग नवशिका आणखी एक कट मारतो. गार झाला की जॉब आकसतो, मापाच्या खाली जातो, आणि मग देवाला बोलावलं तरी लोखंड परत चिकटत नाही. असा घोळ आमच्याच धंद्यातला, आणि उन्हाळ्यात तो हमखास व्हायचा, कारण पत्र्याखाली माणूसच फुगल्यासारखा होतो. मी घाईनं माप घ्यायला गेलो की उस्ताद हातावर चापट मारायचे. "कायकू घाई करता रे? जॉबकू बुखार है अभी. बुखार उतरने दे, फिर पूछ उसकू." मग आम्ही चहा प्यायचो. चहा संपला की माप.

उस्ताद गेले. त्यांची लेथ भंगारात गेली, त्या दिवशी मी शेडमध्ये थांबलो नाही, खोटं बोलून घरी निघून आलो. नवीन मशीनला पडदा आला, बटणं आली. पोरं पटापट शिकतात, मला त्यांचं कौतुक आहे. पण चहा संपेपर्यंत थांबायला कुणी तयार नसतं, ही माझी कुरकूर. म्हातारा झाला की माणूस कुरकुरणारच.

आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, तिच्याकडं येतो.

वैशाली आमच्याकडं पॅकिंगला लागली तेव्हा तिशीची असेल. तयार मालाला तेल लावायचं, कागदात गुंडाळायचं, खोक्यात रचायचं, एवढं तिचं काम. माहेर-सासर दोन्ही करमाडकडचं. राहायला पुंडलिकनगरात एका खोलीत, नवरा आणि शाळेत जाणारी दोन पोरं. नवरा प्रकाश वाळूजकडं एका प्रेसच्या कारखान्यात कामाला होता. प्रेस म्हणजे वरून घण पडतो आणि खालच्या पत्र्याला आकार येतो. एक दिवस घण पडला तेव्हा पत्र्याबरोबर प्रकाशचा उजवा हातही खाली होता. अंगठा आणि करंगळी वाचली. मधली तिन्ही बोटं अर्ध्यातून गेली.

हे लिहिताना आजही माझं डोकं तडकतं. आमच्या पट्ट्यात चहाच्या टपरीवर उभे राहा आणि कप धरणारे हात बघा. किती हातांची बोटं पुरी नाहीत, ते कळेल. हात घातला की घण थांबला पाहिजे, अशी सोय करता येते. कुणी करतं, कुणी माल कमी निघतो म्हणून काढून ठेवतं. आणि मग लोक काय म्हणतात? "प्रकाशचा जॉब गेला." अरे, जॉब गेला? आमच्याकडं जॉब गेला की बाजूला टाकून नवा गज घेतात. बोटांचं काय घेता?

तर प्रकाश घरी बसला. नुसता बसला नाही, बोलायचाच थांबला. पोरांना हाक नाही, बायकोला शब्द नाही. जेवण पुढं आलं की जेवायचा, नाही आलं तर मागायचा नाही. हे मला वैशालीनंच सांगितलं, तेही माल गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता.

एक दिवस ती माझ्या मशीनजवळ येऊन उभी राहिली. "काका, मला हे शिकवा."

"कशाला?"

"पॅकिंगचं काम ठेकेदाराकडं चाललंय म्हणं. मग माझं काय? करमाडला दिराच्या घरी जाऊन राहावं लागंल. पोरांची शाळा गेली, आन् ह्यांना तिथं कोपऱ्यात टाकून देतील. मी नाय जाणार. मला मशीन द्या."

मी मालकांना विचारलं. मोहनसाहेब वाईट माणूस नव्हे, पण त्यांना कुठलीही गोष्ट उद्यावर टाकायची सवय. ते म्हणाले, "रमेशराव, बाई मशीनवर? बाकीची पोरं काय म्हणतील?"

"पोरं काय म्हणायची ते म्हणोत. पोरांना मी बघतो. तुम्ही काय म्हणता?"

बराच वेळ त्यांनी टेबलावरचा पेन इकडून तिकडं केला. शेवटी ठरलं असं. एका मोठ्या कंपनीचा नवा शाफ्ट आमच्याकडं येणार होता. कंपनीचा माणूस पहिला जॉब बघायला येईल. तोपर्यंत मी तिला शिकवायचं. त्याच्यासमोर तिनं केलेला जॉब पास झाला तर मशीन तिचं. नाही झाला तर पॅकिंगबरोबर तिचीही सुट्टी. मला हे जरा कडक वाटलं. वैशाली मात्र म्हणाली, "चालंल."

घरी तिनं सांगितलं तेव्हा प्रकाश कित्येक दिवसांनी एक वाक्य बोलला म्हणे. "माझी गेली तेवढी बस झाली." आणि परत भिंतीकडं तोंड.

शिकवायला लागलो. पहिला धडा, बांगड्या उतरव, ओढणी काढ, केस टोपीत घाल. दुसरा धडा, हातात मोजे घालायचे नाहीत. लोकांना वाटतं मोज्यानं हात वाचतो. फिरत्या मशीनवर मोजा अडकला तर तो हातासकट आत जातो. हे सांगितलं तेव्हा ती स्वतःच्या बोटांकडं थोडा वेळ बघत राहिली. तिसरा धडा उस्तादांचा, गरम जॉब मापायचा नाही. हे मात्र तिला एकदा सांगितलं तेवढंच. जॉब उतरवला की ती तो मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, लेकराला बाटलीचं दूध द्यायच्या आधी आई बघते ना, तसं. मी म्हटलं, "हे कुणी शिकवलं?" तर म्हणाली, "दोन लेकरं वाढवलीत काका."

एकच गोष्ट मला खटकायची. मायक्रोमीटर, म्हणजे आमचं माप घ्यायचं हत्यार, सगळं जग उजव्या हातात धरतं. ही पोरगी डाव्या हातात धरायची, तेही उलटं, आणि मनगट छातीशी टेकवून. माप बरोबर यायचं, पण बघवत नव्हतं. मी दोनदा ओरडलो. "अगं, हत्यार धरतीस का कोंबडी?" ती हसायची आणि परत तसंच धरायची. लई हट्टी जॉब, म्हटलं, जाऊ दे. फेकून दिलेले जॉब ती सरावासाठी घरी न्यायची, एक जुना मायक्रोमीटरही मी तिला दिला होता. एवढं करते आहे तर धरू दे कसंही.

कंपनीचा माणूस आला तो नेमका भर मे महिन्यात, दुपारी. तरुण पोरगा, पाठीवर बॅग, घामानं शर्ट चिकटलेला. पत्रा असा तापलेला की वर पापड भाजून घ्यावेत. जॉबवर सोडतो ते थंडाव्याचं पांढरं पाणीसुद्धा कोमट झालेलं. शेडमधली सगळी पोरं आपापल्या मशीनवर काम करण्याचं नाटक करत होती, कान सगळे इकडं.

वैशालीनं जॉब बांधला. दार लावलं. बटण दाबलं. मी लांब उभा होतो, कारण जवळ गेलो असतो तर माझे हात आपोआप पुढं झाले असते. मशीन थांबलं. तिनं जॉब काढला, पुसला, मनगटाला लावला, आणि लोखंडी मेजावर ठेवून दिला.

मोहनसाहेबांना कुठला दम? त्यांनी उचलला आणि स्वतःच मापला. चेहरा पडला. "जाड येतोय. वैशाली, परत चढव, एक हलका कट दे."

"साहेब, जॉब गरम आहे."

"अगं थोडासाच कट दे. साहेबांना तीन ठिकाणी जायचंय अजून."

"गार होऊ द्या साहेब."

"वैशाली." त्यांचा आवाज चढला. "मी वीस वर्षं हा धंदा करतोय."

खरं सांगतो, माझाही जीव वरखाली होत होता. कारण आकडा मीही बघितला होता, आणि तो जरा जास्तच जाड होता. सगळं फुगण्यापायीच आहे, असं छातीठोक सांगायची माझी हिंमत नव्हती. एक कट दिला असता तर त्या वेळेपुरतं माप आलं असतं, साहेब खूष, सही झाली असती. गार झाल्यावर काय व्हायचं ते कंपनीत गेल्यावर झालं असतं. अशी पुष्कळ कामं ह्या जगात चालतात. पण वैशालीनं जॉब उचलला आणि स्वतःच्या पाठीमागं धरला. लहान पोरं खाऊ लपवतात ना, तसा.

"नाय साहेब. आत्ता कापला तर उद्या बारीक होईल. मग तुम्ही मलाच म्हणाल. फेल करायचं तर गार झाल्यावर करा."

मग तो कंपनीचा पोरगा बॅग खाली ठेवून म्हणाला, "मला चालेल. पाणी मिळेल का? आणि चहा असेल तर चहा." एवढं म्हणून तो खोक्यावर बसला. मला त्या पोराच्या आईबापाला नमस्कार करावासा वाटला.

चहा आला. मोहनसाहेब प्यायले नाहीत. वैशाली उभीच राहिली. जॉब मेजावर. आम्ही सगळे त्याच्याकडं असे बघत होतो, जसा काही तो आता उठून बोलणार आहे.

मग त्या पोरानं स्वतःचा मायक्रोमीटर काढला. एकदा मापला, फिरवून मापला, दुसऱ्या टोकाला मापला. "बसला," तो म्हणाला. "दोन्ही मर्यादांच्या अगदी मध्यावर." आणि कागदावर सही केली.

माझ्या डोळ्यात पाणी आलं, ते मी घामात खपवलं. मोहनसाहेबांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि वैशालीला म्हणाले, "मशीन तुझं." माणूस मोठ्या मनाचा, हे मी आधीच म्हटलंय ना? नसेल म्हटलं तर आता म्हणतो.

पण गोष्ट इथं संपत नाही. तो पोरगा निघता निघता म्हणाला, "एक अट आहे. जॉब करणारा आणि मापून पास करणारा वेगळा पाहिजे. आपलाच जॉब आपणच पास करायचा नाही. तेवढा माणूस बघा."

मोहनसाहेबांनी कपाळाला हात लावला. "आता तो कुठून आणू?"

वैशाली लगेच म्हणाली, "साहेब, मापणारा माणूस आमच्या घरी बसलेला आहे."

"प्रकाश? अगं, त्याचा हात..."

"डाव्या हातानं मापतात की ते. काकांना विचारा. मी धरते तसंच ते धरतात. त्यांच्याकडूनच शिकले मी."

मला एकदम सगळा उलगडा झाला. मी ज्याला कोंबडी धरणं म्हणत होतो, ती बोटं गेलेल्या माणसानं स्वतःसाठी शोधून काढलेली पद्धत होती. डाव्या हातानं फिरवायचं आणि मनगट छातीला टेकवून हत्यार स्थिर करायचं. घरी नेलेले ते फेकलेले जॉब, तिनं मग सांगितलं, प्रकाशच्या उशाशी पडून असायचे. एका संध्याकाळी त्यानं एक उचलला, काही न बोलता मापला, आणि खडूनं जमिनीवर आकडा लिहिला. तेव्हापासून रोज. ती मापायची, आकडा लिहायची. तो मापायचा, आपला आकडा तिच्या शेजारी लिहायचा. चुकलं तर बोटानं दाखवायचा. तोंडातून शब्द नाही. दोन महिने नवराबायकोचं बोलणं म्हणजे खडूचे आकडे.

मोहनसाहेब म्हणाले, "रमेशराव, तुम्ही जाऊन बघा. जमत असेल तर आणा."

रविवारी पुंडलिकनगरात गेलो. प्रकाश दाराकडं पाठ करून बसलेला. मी समोर जाऊन बसलो. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "दया करायला आलात?"

मला राग आला, आणि राग आला की मला बरं सुचतं. "दया करायला मी काय साधुसंत आहे का? शेडमध्ये मापणारा माणूस नाही, माल अडकलाय, मालक माझं डोकं खातोय. येणार असशील तर सांग. नाहीतर दुसरा शोधतो, मला घरी जेवायला जायचंय."

"ह्या हातानं?" त्यानं उजवा हात वर केला.

"त्या हातानं कोण म्हणतंय? दुसरा आहे ना?"

वैशालीनं चहा आणला, धाकटी पोरगी दाराआडून बघत होती. मी चहा घेत थांबलो. आमच्या धंद्यात थांबायची सवय असते. शेवटी तो म्हणाला, "लोक बघतील, काका."

"बघतील. आठवडाभर बघतील. मग त्यांना कंटाळा येईल."

सोमवारी तो आला. फुल बाह्यांचा शर्ट, उजवा हात खिशात. पोरांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं, मी आधीच दम दिला होता. भिंतीलगत मापाचं टेबल, त्याच्या बाजूला दोन क्रेट. हिरव्यात पास, लालमध्ये नापास. प्रकाश स्टुलावर बसला. आणि नशीब बघा, त्याच्यापुढं पहिला जॉब आला तो बायकोच्याच मशीनचा.

वैशालीनं जॉब गार करून आणला आणि टेबलावर ठेवला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. त्यानं मनगट छातीला टेकवलं, माप घेतलं. बरोबर होतं, मलाही लांबून त्याच्या मानेवरून कळलं. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. टाक हिरव्यात.

त्यानं टाकला नाही. उजवा हात खिशातून बाहेर काढला. सगळ्यांदेखत. आणि अर्ध्या राहिलेल्या बोटांची नव्या, नाजूक कातडीची टोकं त्या शाफ्टवरून हळूहळू फिरवली, एका ठिकाणी थांबवली, परत फिरवली. मग जॉब उचलला आणि लाल क्रेटमध्ये ठेवून दिला.

मोहनसाहेब काचेच्या केबिनमधून अर्धे उठले. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी बट्ट्याबोळ. वैशालीच्या कानापर्यंत लाली चढली.

"का हो? माप तर बरोबर आलं ना?"

"माप बरोबर आहे. इथं ओरखडा आहे. हात लावून बघ."

तिनं बोट लावलं. मीही जाऊन लावलं. डोळ्याला दिसत नव्हता, मला नीट लागतही नव्हता. पण ती म्हणाली, "व्हय. आहे."

आणि मग प्रकाश ओरडला. शेडच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा. "लक्ष कुठं होतं तुझं? टूल घासलंय, दिसत नाय का? असला जॉब पुढं पाठवती? आपलं नाव आहे त्याच्यावर!"

पोरांनी माना खाली घातल्या. मी मध्ये पडावं की नाही, ह्या विचारात होतो, तेवढ्यात वैशाली टूल बदलायला माझ्या बाजूनं वळली. मी बघितलं तर तिचे दोन्ही डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती.

"ऐकलं का काका?" ती म्हणाली. "रागावले मला."